उजवा हात, डावा कान

सकाळी आठ वाजता शाळेच्या दारात टोए मास्तरांनी पोगनेरेचा उजवा हात धरून तिच्या डोक्यावरून पलीकडे नेला. बोटं डाव्या कानापर्यंत पोचली नाहीत. मास्तरांनी हात सोडला. "लहान आहे. पुढचा."

पोगनेरेची आई, अलिमाता, मागेच उभी होती. ती हलली नाही.

गावातल्या निम्म्या पोरांकडे जन्माचा दाखला नव्हता, म्हणून माप हाताचं. डोक्यावरून हात पलीकडच्या कानाला लागला की पोर शाळेच्या वयाचं झालं. शाळेला तीन खोल्या, तीन मास्तर आणि सहा वर्ग; त्यामुळे पहिला वर्ग वर्षाआड उघडायचा. यंदा उघडला होता. पुढच्या वर्षी पहिला वर्गच नसणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षापर्यंत थांबायला पोरीचा बाप तयार नव्हता. राजधानीत, वागाडुगूत, त्याच्या बहिणीला तान्हं मूल सांभाळायला कुणीतरी हवं होतं. शाळेत घेतली तर राहील, नाहीतर बाजारच्या ट्रकने जाईल, एवढंच तो बोलला होता.

अलिमाताने सांगून पाहिलं, की बंधारा फुटला त्या वर्षी ही जन्मली. त्याच महिन्यातली शेजारणीची पोर आत्ताच आत गेली.

"तुम्हा मोस्सींचा बंधारा दरवर्षी फुटतो," मास्तर म्हणाले. "शेवटी आम्हा सामोंचे गुलामच तुम्ही. बांधता कुठे येतं?"

रांगेतल्या बाया हसल्या. सामो आणि मोस्सी या दोन जमाती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांचे थट्टेचे सोयरे. एकाने टोचायचं, दुसऱ्याने दुप्पट टोचायचं, रागवायचं कुणीच नाही. आता अलिमाता सामोंच्या कुत्रं खाण्यावर काहीतरी बोलणार म्हणून सगळ्या थांबल्या. ती काहीच बोलली नाही. मास्तरांचं हसू ओसरलं.

रांगेच्या शेवटाकडे नातवाला घेऊन उभी असलेली म्हातारी तिबो पुढे आली. "अगं बाई, पोर लहान नाही. वेणी मोठी आहे."

तेव्हा अलिमाताने नीट पाहिलं. शाळेचा दिवस म्हणून काल संध्याकाळभर बसून तिने पोरीच्या वेण्या काळ्या दोऱ्याने गुंडाळून उभ्या केल्या होत्या आणि माथ्यावर एकत्र बांधल्या होत्या, लग्नाला बांधतात तशा. हात त्या उतरंडीवरून जात होता.

मास्तरांनीही पाहिलं. सोडून आण, म्हणाले, पुन्हा मोजतो. पण रांग थांबायची नाही आणि जागा चारच उरल्यात.

ती पोरीला कडुनिंबाखाली घेऊन बसली. गाठी तिनेच मारलेल्या, पक्क्या. पहिली गाठ सुटेपर्यंत दोन पोरं आत गेली. तिबोने कनवटीचं ब्लेड काढून तिच्यापुढे धरलं.

"मुळापासून काप."

"बाप जिवंत आहे तिचा," अलिमाता म्हणाली. बाप मेल्यावरच पोरीचे केस असे उतरवतात, हे तिबोलाही ठाऊक होतं. तिने ब्लेड मागे घेतलं नाही.

अलिमाताने ते घेतलं. पहिली वेणी पोरीच्या मांडीवर पडली, मग दुसरी. पोगनेरेने ती उचलून पाहिली. दोरा अजून तसाच घट्ट होता.

"आई, कोण मेलं?"

"कुणी नाही. मान सरळ ठेव."

दारातून टोए मास्तरांनी सांगितलं, आता एकच जागा. रांगेत तिबोचा नातू आणि आणखी एक पोर उभं होतं. अर्धं डोकं अजून बाकी होतं.