दोनशे घाव

नारळाचा काथ्या आणि करवंटीची भुकटी दाबून रामदासने लखनऊच्या एका प्रयोगशाळेत पातळ तक्ता बनवला होता. घणाचे दोनशे घाव बसले तरी त्याला तडा जात नव्हता. घरी हे तो बायकोला, स्वप्नाला, रोज ऐकवायचा. ती चौकातल्या दुकानासाठी चिकनकारीच्या भरतकामाचे टाके घालत ऐकायची. हूं म्हणायला विसरली की पाठीत गुद्दा बसायचा.

सोमवारी साहेबांपुढे त्याने बॅग उघडली, तर आत तक्त्याचा नमुनाच नाही. "एक सैंपल नहीं सँभलता तुमसे?" सगळ्यांदेखत साहेबांनी झापलं. रामदास धुमसतच घरी आला. चहा गार म्हणून कप भिंतीवर फोडला आणि स्वप्नाला केसांना धरून ओढलं. तिने नेहमीसारखी पाठ वळवली. त्याने होता नव्हता तेवढा जोर लावून गुद्दा हाणला.

कडकन आवाज झाला. बोटं वेडीवाकडी झालेला हात पोटाशी धरून रामदास गुरासारखा ओरडत फरशीवर लोळू लागला.

स्वप्नाने कुर्त्याच्या अस्तराआडून तक्ता ओढून काढला आणि उजेडात धरून नीट न्याहाळला.



"अहो, साहेबांना कळवा. दोनशे एकाव्या घावालाही तडा नाही."