तिसऱ्या अपत्याची योजना

जन्मदर घसरला म्हणून सरकारने नवी योजना काढली होती. तिसऱ्या मुलाच्या शिक्षणाचा पहिलीपासून पदवीपर्यंतचा सगळा खर्च सरकार उचलणार होतं. फॉर्म घेऊन घरी आलेले साहेब, कारखान्यातून नुकत्याच परतलेल्या इंजिनिअर सुनेशी तासभर बोलले, पण ती आपल्या एका मुलीवर ठाम होती. शेवटी त्यांनी मोर्चा सासूबाईंकडे वळवला.

"आजी, तुम्ही तरी समजवा हिला. तुम्ही किती भावंडं होतात?"

"आठ."

"बघा! कशी भरलेली घरं असायची तेव्हा!"

सासूबाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "भरलेलीच होती की! धाकट्यांना कडेवर खेळवता खेळवता माझी शाळा राहिली ती राहिलीच. सही करायची वेळ आली, की अजून अंगठा पुढे करते मी. माझी सून शिकलेली आहे. मूल एक की तीन, ते तिचं ती ठरवेल. तुम्ही तिच्या वाटेला जायचं नाही!"

साहेब ओशाळून फॉर्म गोळा करू लागले. सासूबाईंनी त्यातल्या एकावर हात ठेवला.

"थांबा. तिसरं मूल अमुकच वयाचं हवं, असं ह्यात कुठे लिहिलंय का?"

साहेबांनी फॉर्म उलटसुलट करून पाहिला. "नाही आजी, तसं काही लिहिलेलं नाही."


"मग घाला माझं नाव पहिलीत. आठांमधली मी तिसरी."