हात की आवाज

सावंतवाडीचे चितारी रमाकांत गंजिफा या जुन्या खेळाचा गोल पत्ता रंगवत होते. मेंदूत बसवलेल्या यंत्रामुळे कंपवाताचा हात स्थिर राहायचा, पण मग जीभ जड व्हायची. जीभ मोकळी केली की हात थरथरायचा. मोबाइलवरून एकच निवडता यायचं आणि वर्षभर ते हातच निवडत होते.

तेवढ्यात लेकीचा रडत फोन आला. पहिल्या बाळंतपणासाठी दवाखान्यात निघालेली नयना पार घाबरली होती.

"मी बोलतंय तिच्याशी. तुमची रेघ अर्धीच रवली," बायको शालन म्हणाली.

रमाकांतांनी नकारार्थी मान हलवून मोबाइलवरचं जीभ मोकळी करणारं बटण दाबलं. पत्त्यावर रंग फरफटला.

"घाबरा नको गो चेडवा, मी आसंय मा," ते स्वच्छ म्हणाले.

पलीकडचं रडणं थांबलं. "बाबा, तुम्ही बोललात!"

शालनने कुंचला काढून घेतला आणि बोलणं संपेपर्यंत त्यांचा थरथरता हात दोन्ही हातांत धरून ठेवला.