मऊ भिंतींची खोली

दार घट्ट बसल्याची तिनं खात्री करून घेतली आणि मगच ती ओरडली.

"विचारलंस मला? एका शब्दानं तरी विचारलंस?"

समोर नवरा नव्हता. तो नुकताच पलंग बघायला बाहेर पडला होता. समोर तिनं स्वतः ठोकलेलं कापडी पॅनेल होतं, आणि ते उलट उत्तर देत नसे.

अर्ध्या तासापूर्वी नवऱ्यानं धाकट्या भावाला फोनवर सांगितलं होतं, "ये की तू. खोली रिकामीच आहे." रिकामी. ती तिथंच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तळपायाची आग मस्तकात गेली, पण शर्टाची कॉलर तिनं नीट सरळ केली आणि पुढचा कपडा घेतला.

ऑडिओबुकं, म्हणजे ऐकायची पुस्तकं, माइकपुढे वाचून रेकॉर्ड करायची, हेच तिचं काम. सुरुवातीला ह्या खोलीत तिचा आवाज उघड्या भिंतींवर आपटून परत तिच्याच अंगावर यायचा. "बाई, न्हाणीघरात बसून वाचता का?" असं विचारून प्रकाशकाच्या माणसानं आख्खं पुस्तक परत पाठवलं होतं. आवाज शोषणाऱ्या तयार पॅनेलचा भाव ऐकून तिनं फोन ठेवला आणि हातोडी हातात घेतली. कुणीतरी अंड्यांचे ट्रे लाव म्हणून सांगितलं. लावले. खोलीला खुराड्याची कळा आली, घुमारा होता तिथंच राहिला. मग तिनं खोक्यांच्या फळ्यांच्या चौकटी केल्या, त्यांत जुने टॉवेल आणि फाटक्या रजया ठासल्या, वरून पडद्याचं जाड कापड ताणून बसवलं. कोपऱ्यांत घुमतं म्हणून तिथं गाद्यांच्या वळकट्या उभ्या केल्या. नवऱ्यानं ह्या सगळ्यात एकदा स्टूल धरलं होतं, आणि तेव्हाही त्याचा एक डोळा टीव्हीवरच्या सामन्यावर होता.

शेवटचं पॅनेल लावून तिनं टाळी वाजवली. टाळी हातातल्या हातात विझली.

तेव्हापासून कामं यायला लागली, आणि खोलीचा दुसरा उपयोगही तिला सापडला. इथं बोललेला शब्द ओठांपुढे जात नाही, तिथंच रजयांत मुरतो, अशी तिची खात्री पटली. नवरा बाहेर असला की वाचन संपवून ती माइक बंद करायची आणि मनातलं सगळं भडाभडा बोलून टाकायची. मग तोंड पुसून बाहेर यायची आणि सासूबाईंना विचारायची, "आई, काही हवंय का?" ह्या घरात चिडून बोलायची पद्धत नव्हती. म्हणजे सुनेनं.

आज मात्र काही केल्या राग संपेना. परवापासून मोठं पुस्तक सुरू व्हायचं होतं. ह्याच खोलीतला नमुना ऐकून प्रकाशकानं ते तिला दिलं होतं. खोली गेली की पुस्तक जाणार, आणि पुन्हा कुणी विचारणार नाही.

"नोकरी तुझ्या भावानं घालवायची आणि खोली माझी जायची. आयत्या बिळावर नागोबा. तुझ्या ऑफिसात झोपायला देशील का रे कुणाला? आणि आई. जन्मभर मिठाची गुळणी धरून बसल्यात. मुलगा काहीही बोलला की ह्यांची मान हललीच. तुमची पण बाईचीच जात ना? एकदा तरी तोंड उघडा."

घसा दुखायला लागला तेव्हा ती थांबली. पाणी प्यायली, डोळे कोरडे केले, दार उघडलं. बाहेर खोलीच्याच भिंतीला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलाशी सासूबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. तीही समोर बसून मटार सोलायला लागली.

तेवढ्यात नवरा आला, चांगला खुशीत.

"पलंग मिळाला. उद्या सकाळीच आणून टाकतायत. तेवढं ते भिंतीवरचं गाद्यांचं प्रकरण आज उतरवून टाक. गच्चीत ठेवू कुठंतरी." तो वाकून चपला काढायला लागला आणि वाकल्या वाकल्याच म्हणाला, "चालेल ना तुला?"

"चालेल," ती म्हणाली. आवाज कमावलेला होता, कुठं चिरकला नाही.

"नाही चालणार तिला," सासूबाई म्हणाल्या.

नवरा एका पायातली चप्पल तशीच ठेवून उभा राहिला. "आई, आत्ता तुझ्यासमोर हो म्हणाली ती."

"तुझ्यासमोर म्हणाली."

सासूबाईंनी मटारांचं भांडं बाजूला सरकवलं आणि सुनेकडे वळल्या.

"अगं, आतून गाद्या ठोकल्या म्हणून भिंती जाड होत नाहीत. तुझा घुमारा तेवढा गेला. बाकी सगळं इथं ऐकू येतं, पहिल्या दिवसापासून."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. गेल्या वर्षभरात आपण आत काय काय बोललो ते तिला एकदम आठवलं, आणि कुठं तोंड लपवावं ते कळेना. सासूबाईंनी एक खुर्ची ओढून तिच्या खुर्चीला चिकटवली, मुलाकडे तोंड करून बसल्या आणि म्हणाल्या,

"मघाशी आत बोललीस ते आता इथं बोल. हवं तर माझ्यापासून सुरुवात कर."