रोबोचा आवाज

विजयनगरातल्या तिसऱ्या मजल्यावर विनता गॅलरीत कपडे वाळत घालत होती. तिच्या चार वर्षांच्या मुक्ताने खेळता खेळता गॅलरीच्या दाराला आतून कडी लावली आणि टीव्हीसमोर बसकण मारली. जपानी कार्टूनमधला रोबो हिंदीत गप्पा मारत होता. इतक्यात आत गॅसवर ठेवलेलं दूध उतू जाऊन शेगडी विझली. खिडकीतून गॅसचा वास आला. “मुक्ते, कडी काढ गं! काहून ऐकून नाही राहिली?” विनता दार बडवत ओरडली. पोर ढिम्म. घरात मराठीच बोलायचं, हा नियम विनताचाच. पण आता तिने खिडकीच्या गजांना तोंड लावून रोबोच्या किनऱ्या आवाजात हाक मारली, “दोस्त, मैं बाहर फँस गया! दरवाज़ा खोलो!” कडी निघाली. विनताने गॅस बंद करून पोरीला गॅलरीत आणलं. “रोबो किधर गया?” मुक्ताने विचारलं. विनताला तो आवाज पुन्हा काढता येईना. भर उन्हात तिचे दात वाजत होते.