आग्रहाची पद्धत

"मला काही नको गं, भूकच नाही," म्हणत सासूबाईंनी मेनूकार्ड मिटलं. झुरिकच्या तळ्याकाठच्या त्या हॉटेलात साधं सूप सोळाशे रुपयांना पडत होतं. सकाळच्या दोन खाकऱ्यांनंतर त्यांच्या पोटात काही गेलं नव्हतं, हे मला माहीत होतं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आता मी म्हणणार, 'असं कसं, थोडं तरी घ्या.' त्या पुन्हा नको म्हणणार, मी गळ घालणार आणि शेवटी माझं मन मोडायला नको म्हणून त्या जेवणार.

बारा वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या सणाला, मीही लाजत एकदाच 'नको' म्हणाले होते. पुरणपोळ्यांचं ताट घेऊन त्या सरळ पुढे गेल्या. "आमच्याकडे आग्रह करायची पद्धत नाही हं," असं भरल्या पंगतीत हसत म्हणाल्या. मी भातावर उठले होते.

मी माझं आणि नवऱ्याचं, असं दोघांचंच जेवण मागवलं. वेटरने सासूबाईंच्या पुढ्यातले काटे-चमचे उचलून नेले.

जेवण आलं, तेवढ्यात गाडी लावून नवरा आला. "आई, तुझं काय?"

"भूक नाही रे."

"असं कसं? थोडं तरी घे."

सासूबाईंचा चेहरा उजळला. त्या मेनूकार्डाकडे हात नेणार, एवढ्यात मी म्हणाले, "कशाला गळ घालतोस? आपल्याकडे आग्रह करायची पद्धत नाही."

"हो, तेही खरंच," म्हणत नवऱ्याने काटा उचलला. शेवटी त्यांनीच वाढवलेला मुलगा.