पंजाबरावांचा गळपट्टा

पाहुण्यांची गाडी मारुतीच्या पारापाशी वळली, तरी पंजाबरावांनी हातातल्या सुया खाली ठेवल्या नाहीत. ओळ अर्धीच झाली होती.

“बाबा, ठेवा न आता ते!” ज्ञानेश्वर दारातून दबक्या आवाजात ओरडला. “वडनेरचे पाहुणे प्रेरणाले पाह्याले येऊन राह्यले, अन् तुम्ही ओसरीत लोकर घेऊन बसले!”

“ओळ होऊ दे.”

मागच्या वर्षी लकव्याने पंजाबरावांचा उजवा हात गेला होता. साऱ्या सोनाळ्यात कुस्तीसाठी नावाजलेला हात, पण त्याला साधा पेला धरवेना. तेव्हा नातीने, प्रेरणाने, मोबाईलवरून एक खोका मागवला. आत लोकरीचे लाल-पांढरे गुंडे, सुया आणि चौकटीचौकटींचा नक्षीचा कागद. गळ्यात घालायचा गोल गळपट्टा विणायचा. लाल जमीन, तिच्यावर पांढरी फुलं. दोन्ही रंगांचे धागे एकदम सांभाळायचे, एक पुढे विणायचा, दुसरा मागून न्यायचा. आधी सगळा गुंताच झाला. मग हळूहळू बोटं वळली, फुलं उमटू लागली. हात सुधारला, पण सुया काही सुटल्या नाहीत. पहिला गळपट्टा होताच म्हाताऱ्याने तसलाच दुसरा खोका मागवायला लावला. गाव हसलं. “हसू दे,” पंजाबराव म्हणाले.

पाहुणे ओसरीतच बसले. मुलाचे वडील शंकरराव मधल्या खुर्चीवर, कडक इस्त्रीच्या कपड्यांत. मुलगा त्यांच्या शेजारी, गुडघ्यांवर हात ठेवून. शंकररावांची नजर फिरत फिरत लाल लोकरीवर येऊन थांबली.

ज्ञानेश्वर घाईघाईने म्हणाला, “लकवा झाल्ता न बाबाले. डॉक्टरनं सांगितलं, बोटाचा व्यायाम म्हणून. औषधच समजा.”

“हाव, हाव. औषध म्हणल्यावर करा लागते,” शंकरराव म्हणाले आणि खुर्चीत जरा सैल बसले. सगळ्यांनाच हायसं वाटलं.

पंजाबरावांनी गप्प राहायचं, एवढंच काम होतं. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. त्यांनी मांडीवरच्या विणीकडे पाहिलं. अर्धं फूल झालं होतं.

“डॉक्टरनं नाही सांगितलं,” ते म्हणाले. “त्यानं रबराचा चेंडू देल्ता दाबाले. हात तं कवाचाच सुधरला. हे मी करतो, कारण मले आवडते.”

ज्ञानेश्वरने डोळे मिटून घेतले.

“आवडते म्हन्जे?” शंकरराव हसले. “भाऊ, तुम्ही आखाड्यातले माणूस. हे बायामाणसाचं काम.”

“कुस्तीबी आवडे, म्हणून खेळलो.”

“आमच्या घरी नाही चालत असं.”

“तुमच्या घरी कुठं विणून राह्यलो? माह्या ओसरीत बसलो.”

तेवढ्यात प्रेरणा चहा घेऊन आली. शिक्षण विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला. रीत म्हणून मुलामुलीला मागच्या अंगणात बोलायला पाठवलं, ते लगेच परतलेही. शंकररावांनी चिवड्याच्या बशीला हात लावला नाही. “निरोप देतो,” म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

गाडी दिसेनाशी होईपर्यंत ज्ञानेश्वर हात जोडून उभा होता. मग फिरला तो थेट बापावरच.

“एक मान हालवा लागत होती तुमाले. एक मान! पोरीचं जुळता जुळता मोडलं तुमच्या लोकरीपायी.”

पंजाबरावांच्या सुया थांबल्या. आपल्या हट्टापायी ते कोणालाही भीत नव्हते, पण डावावर नात लागली होती हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

“प्रेरणा,” त्यांनी हाक मारली. “माहं चुकलं का व, पोरी?”

प्रेरणा रिकामे कप गोळा करत होती. ती हातातला कप तसाच धरून उभी राहिली.

“आबाजी, मी त्या पोराले मागच्या अंगणात इचारलं, तुम्हाले काय आवडते. म्हणलं काहीबी सांगा. पिक्चर, क्रिकेट, खाणं, काहीबी.”

“मंग?”

“त्यानं दारातून ओसरीत बापाकडे पाह्यलं.”

तिने हातातला कप बाकीच्या कपांत ठेवला.

“बाबा, त्यायचा निरोप यायच्या आधी आपलाच धाडा,” ती ज्ञानेश्वरला म्हणाली. “मले नाही करायचं तिथं.”

“अन् लोकं इचारतीन, तं काय सांगू? म्हातारा लोकर विणते म्हणून मोडलं?”

“सांगा.”

ज्ञानेश्वर डोकं धरून पायरीवर बसला. पंजाबराव उठले. वीण काखेत मारली, खुर्ची उचलली, पायऱ्या उतरून थेट रस्त्याच्या कडेला मांडली आणि तिच्यावर ऐसपैस बसले. सकाळचं कोवळं ऊन होतं. प्रेरणाने मागोमाग स्टूल आणलं, नक्षीचा कागद मांडीवर घेतला आणि मोठ्याने वाचायला लागली.

“तीन लाल, एक पांढरा.”

संत्र्यांनी भरलेला ट्रॅक्टर आला, खुर्चीपाशी थांबला. ट्रॅक्टरवाल्याने आधी हॉर्न वाजवला, मग लोकर पाहिली आणि तोंड उघडं टाकून पाहतच राहिला.

“बाजूनं काढ न, बाप्पा,” मान वर न करता पंजाबराव म्हणाले. “रस्ता लय मोठा हाये.”